पाठमोरं गिऱ्हाईक

दूरचित्रवाणीसाठी खेळ रचण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, अशा एका वृद्धांकडे एकदा एक शिष्य आपला पहिला खेळ घेऊन आला. खेळ किमतीचा होता. दुकानदार झालेला सूत्रधार वस्तूचा भाव चढवून सांगणार, स्पर्धकाने घासाघीस करून तो उतरवायचा. खऱ्या किमतीपाशी थांबला तर वस्तू त्याची. त्याखाली गेला किंवा दुकान सोडलं, की हरला. वाहिनीचे अधिकारी चाचणी पाहायला आले होते. त्यांनी पसंत केला तरच खेळ पडद्यावर येणार होता.

चाचणीसाठी एका बाईंना आणि थोड्या प्रेक्षकांना बोलावलं होतं. समोर शिलाई मशीन.

"अठरा हजार," सूत्रधार म्हणाला.

"सातला द्या."

"नाही हो परवडत, ताई."

"मग राहू द्या!" बाईंनी पिशवी काखेत मारली आणि पाठ फिरवून सावकाश चालू लागल्या. तोच हरल्याचा भोंगा वाजला. प्रेक्षक खो खो हसले. मीही त्या प्रेक्षकांत होते-नव्हते त्यांतलंच एक माणूस; त्या हसण्याची मला अजून चीड येते. बाई थबकल्या, गोंधळल्या आणि मान खाली घालून बाहेर गेल्या.

"वा! हा भोंगा ठेवाच," अधिकारी खुशीत म्हणाले. "खेळ मंजूर!"

वृद्ध शांतपणे उठले. त्यांनी भोंग्याची तार उपटली आणि खिशात घातली.

शिष्य कळवळला. "गुरुजी, हे काय केलंत? नियमाने त्या हरल्याच होत्या ना?"

"अरे, त्या दुकान सोडून चालल्या होत्या असं वाटलं तुला? बाजारात गिऱ्हाईक पाठ फिरवतं ते हाक यावी म्हणून. 'अहो, या, ना तुमचं ना माझं,' म्हणत दुकानदार बोलावतो, आणि दोघांचाही मान राहतो. तू भाव मांडलास, घासाघीस मांडलीस. हाक यायची तिथे मात्र भोंगा बसवलास. चारचौघांत त्या बाईंची शोभा झाली, त्या शोभेची किंमत कुठे धरलीस?"

शिष्याने अधिकाऱ्यांपुढे हात जोडले. "साहेब, खेळ अजून पुरा झालेला नाही. असा देता येणार नाही."

"मग आम्ही दुसऱ्याचा बघतो," ते म्हणाले. ते ऐकूनही तो धावत फाटकाकडे गेला.

बाई रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"अहो ताई, या ना परत! बघू काहीतरी कमी करून."

बाई लगेच वळल्या नाहीत. त्यांनी पदराने डोळे टिपले, घसा साफ केला आणि विचारलं, "नक्की केवढ्याला देणार?"