मुहूर्तमेढीची साल

सीमेवरच्या एका गावात हैबती नावाचा नाकेदार होता. गावामागे मोहाचं रान एवढं दाट, की आत शिरलेला उन्हाळा वाट चुकून थेट दिवाळीला बाहेर पडे. पलीकडच्या मुलखातली रानं मात्र एका परदेशी भुंग्याने फस्त केली होती. हा भुंगा लाकडाच्या सालीखाली दडून येई. म्हणून राजाचा हुकूम होता: पलीकडून आलेलं लाकूड नाक्यावर सोलायचं, साल तिथंच जाळायची.

हैबती एवढा कडक, की पलीकडे बाजार करून परतलेल्या गोजरा म्हातारीच्या काठीचीही त्याने साल काढली.

"मेल्या, आता मलाही सोलून बघ!" म्हातारी फणकारली.

"हुकूम म्हणजे हुकूम, आजी," मिशीला पीळ देत हैबती म्हणाला.

पुढे त्याच्या लेकीचं लग्न पलीकडच्या गावात ठरलं. व्याह्यांनी मांडवासाठी मानाची मुहूर्तमेढ पाठवली. हिरव्या सालीची, हळदकुंकू लावलेली. शिपायाने कोयता उचलला.

"ठेव खाली!" हैबती ओरडला. "व्याह्यांचा मान सोलतोस होय रे?"

मेढ वाजतगाजत आत गेली.

लग्नानंतर आठ दिवसांनी हैबतीला मेढीच्या बुडाशी पिवळा भुसा दिसला. तो काय ते समजला. तेव्हाच मेढ जाळली असती, तर रान वाचलं असतं. पण जाळली, की गाव कारण विचारणार. त्याने बायकोला सांगितलं, "इथं रोज रांगोळी घालत जा." भुसा झाकला गेला. गाव म्हणालं, काय भाविक माणसं!

भुंगे रानात शिरले. कुरतडण्याचा आवाज एवढा, की नवराबायकोला भांडायलाही गावाबाहेर जावं लागे. मोह संपले, मग ज्वारी, मग नांगर, मग घरांचे वासे.

राजाची माणसं चौकशीला आली. हैबतीने बोट दाखवलं, "ही म्हातारी पलीकडे जाते. हिच्याच काठीतून आला."

"हिला साल कुठंय रे? तूच सोललीस ना?" गोजराने काठी पुढे धरली. कुणी काठीकडे पाहिलं नाही. तिला हद्दपार केलं.

तिला बाहेर सोडायला हैबतीने नाक्याची आडकाठी उचलली, तर ती त्याच्या हातात भुसा होऊन गळली.

"राख आता नाका," म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली. अख्ख्या गावात धड लाकूड तेवढंच उरलं होतं.

तात्पर्य: परक्याची काठी सोलून सोयऱ्याची मेढ तशीच आत घेणारा राखणदार चोराहून वाईट; आणि दिसलेली चूक झाकणारा त्याहून वाईट, कारण तिची शिक्षा सारं गाव भोगतं आणि वर निरपराधाच्या माथी तिचा आळ येतो.