उल्का, वज्री आणि मसुराचं पीठ

न्हाणीघरातल्या वस्तू माणसांना सल्ले द्यायच्या, तेव्हाची ही गोष्ट. उल्काचं नाक तेलकट आणि गाल कोरडे. त्यात नाकावर बारीक काळे ठिपके उठले, आणि दुसऱ्या दिवशी तिला नाटकात संतापी राणी व्हायचं होतं.

टाचा घासायची वज्री म्हणाली, "आण इकडे तोंड. टाचेची राठ कातडी मी चुटकीसरशी काढते, ठिपक्यांचं काय घेऊन बसलीस!"

कोनाड्यातलं मसुराचं पीठ हळूच म्हणालं, "महिनाभर धीर धर. नाकाला हलक्या हाताने मी, गालांना थोडी साय."

"महिनाभर?" म्हणत उल्काने वज्री उचलली आणि सगळा चेहरा खसाखसा घासला. ठिपके जागच्या जागी राहिले, गाल मात्र लालबुंद झाले.

नाटकात राणीने प्रधानाला दम भरला, तर पहिल्या रांगेतल्या मावशी कौतुकाने ओरडल्या, "अगंबाई, लाजली!" सगळा मांडव हसला.

"लाजतंय कोण?" गाल कळवळले. "सालटी निघालीत आमची!"

घरी येऊन उल्काने मुकाट्याने पिठाचा डबा उघडला. वज्री खाकरली, "थोडं राहिलंय वाटतं. फिरवू का हात?"

लालबुंद गाल क्षणात पांढरेफटक पडले.