नावाआधीचे एक अक्षर

त्या पाणथळ राज्यात शाळा पुष्कळ होत्या, आणि प्रत्येक शाळा कोणा ना कोणा मेलेल्याच्या नावाची होती. जिवंतांचे नाव देण्याची तिथे पद्धतच नव्हती. जिवंत पक्षी उद्या काय बोलेल याचा नेम नसतो.

अपवाद एकच झाला. मासे पकडायला आणि घरटी विणायला शिकवणाऱ्या शाळांच्या गर्दीत एक सरकारी विद्यालय होते. तिथे भाषा, गाणी आणि जुन्या स्थलांतरांचा इतिहास शिकवत. ते टिटवीबाईंनी उभे केले, म्हणून त्यांच्या हयातीतच त्याला त्यांचे नाव दिले गेले. बाईंनी एकच अट घातली. शेवटचा तास ‘का?’चा असेल, पिल्लांनी विचारायचे आणि शिक्षकांनी उत्तर द्यायचे. राज्याने लिहून दिले, की नाव दिलेली व्यक्ती हयात आहे तोवर हा तास बंद होणार नाही.

पाटी कोरायला सुतार पक्षी आला. त्याने जन्मभर शाळांच्याच पाट्या कोरल्या होत्या. सवयीने त्याने आधी ‘कै.’ कोरले आणि मग नाव. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणी ते वाचले नाही, पाटी वाचतो कोण? पिल्ले वाचत, पण त्यांना वाटे, बाईंचे पाळण्यातले नाव ‘कै’ असावे. बाई खूप हसल्या आणि सोडून दिले. तिथेच चुकले.

पुढे बगळा मुख्याध्यापक झाला. एका शेवटच्या तासाला कोणीतरी विचारले, “तळ्याची खोल बाजू बगळ्यांनाच का?” दुसऱ्या दिवशी सूचना लागली: नाव दिलेली व्यक्ती हयात नसल्याचे पाटीवरून दिसते, सबब शेवटचा तास बंद.

बाई तरातरा कचेरीत गेल्या. तिथे खार कारकून होती.

“अहो, मी आहे की अजून!”

“मी कुठे नाही म्हणतेय, बाई? पण हयातीचा दाखला लागेल.”

“तो कोण देतं?”

“मुख्याध्यापक.”

बगळ्याने उठून त्यांना स्वतःची जागा दिली. “बाई, तुमच्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. पण मी दाखला दिला तर पाटी खोटी ठरेल. तुमच्याच शाळेची बदनामी तुम्हाला चालेल?”

बाई सुतार पक्ष्याकडे गेल्या. तो बिचारा रडला. म्हणाला, “बाई, मला कोरता येतं. बुजवता नाही येत.”

मग शाळेने पुण्यतिथीही ठरवली. बाईंना निमंत्रण आले, आणि पहिल्या रांगेत नातेवाइकांसाठी राखलेल्या जागी बसवले. भाषणे चांगली झाली. आपण इतक्या थोर होतो हे बाईंना माहीत नव्हते. पण शेवटच्या तासाबद्दल कोणीच बोलले नाही, आणि त्यांना फार एकटे वाटले.

शेवटी सगळे दोन मिनिटे मौन पाळायला उभे राहिले. बाईही उभ्या राहिल्या. मागच्या रांगेतल्या पारव्याच्या पोरीने त्यांचा पंख हळूच ओढला.

“आजी, आपण सगळे गप्प का उभे आहोत?”

कित्येक दिवसांत त्या शाळेत ‘का’ ऐकू आला नव्हता. उत्तर बाईंच्या गळ्याशी आले. पण मौन चालू असताना बोलू नये, हे या शाळेला त्यांनीच शिकवले होते. बाईंनी मान खाली घातली आणि दोन मिनिटे पुरी होण्याची वाट पाहिली.