दगडाची अंडी

"दगड पोखरणारा तो किडा आठ दिवसांत जिवंत आणा! नाहीतर खाणीला टाळं आणि केरबाला हद्दपारी!" काळगडच्या राजाने फर्मान सोडलं.

झालं होतं असं, की राजवाड्याच्या पायऱ्यांसाठी केरबा पाथरवटाच्या खाणीतून दगड आला, तर त्यात भोकंच भोकं! राजपंडित विश्वंभरपंतांनी डोळे मिटून निदान केलं, "कीड लागली आहे." काही भोकांत पांढरे चकचकीत खडे होते. "ही त्या किड्याची अंडी!" दरबाराने माना डोलावल्या. पंतांचं वय ऐंशी. ऐंशीपुढे मान डोलवायचीच असते.

केरबा डोक्याला हात लावून बसला. त्याची मुलगी येसू भडकली. "बाबा, उभा जन्म दगड फोडलात, कधी किडा दिसला?"

"नाही गं. पण मोठ्या माणसांपुढं बोलायचं कशानं?"

"तोंडानं!"

दुसऱ्या दिवशी येसू डोक्यावर पाटी घेऊन दरबारात हजर! मागून केरबा, हातात पेटती शेगडी, तवा नि पिठाचं भांडं.

"किडा कुठाय?" राजा गुरगुरला.

"अंडी आणलीत, महाराज. उबवली की किडा बाहेर! पण आमच्या कोंबड्या पडल्या अडाणी. त्यांना अंडं नि दगड यातला फरक कळतो, त्या बसेनात. म्हटलं, ज्यांनी अंडी ओळखली त्यांनीच बसावं."

"पंत, बसा!" राजाने हुकूम केला.

पाटीतल्या त्या खड्यांना सुईसारखी टोकं. पंत टेकले आणि हातभर उडाले! "आई गं!"

"किडा चावला का हो, आजोबा?"

"कसला किडा? दगड आहे हा! टोकदार दगड!"

"ऐकलंत, महाराज?"

राजाने मिशीआड हसू दाबलं. "मग भोकं पाडली कुणी?"

येसूने तापल्या तव्यावर आंबोळीचं पीठ ओतलं. बुडबुडे फुटले, जाळी पडली. "अरेरे, आंबोळीलाही कीड लागली!"

"वेडी आहेस का? वाफ आहे ती!" राजा म्हणाला.

"आमचा डोंगरही कधीकाळी असाच उकळता रस होता, महाराज. सांडलेल्या काकवीसारख्या त्याच्या वळ्या खाणीत अजून दिसतात. वाफ वर आली, रस थिजला, वरच्या अंगाला भोकं राहिली. पुढे त्यांत पाणी झिरपलं आणि हंड्यात क्षार धरतो तसे खडे धरले. थराच्या पोटातला दगड घट्ट असतो, हातोडा मारला की घंटेसारखा वाजतो. बाबा तोच काढत होते. तुमच्या कारभाऱ्यांना दम निघाला नाही, वरचाच उचलून नेला!"

कारभारी खांबामागे सरकले.

"ते असू दे. फर्मान ते फर्मान!" राजा हट्टाला पेटला. "भोकं पाडणारा जिवंत हवा!"

येसूने दुसरी आंबोळी घातली, वर झाकण ठेवलं आणि तवा राजाच्या पुढ्यात नेला. "हा घ्या! पकडा!" झाकण उघडताच वाफ भस्सकन राजाच्या मिशीत शिरली आणि वर निघून गेली.

"अरे, गेला!" राजा ओरडला.

"मी आणला होता, महाराज. तुम्हाला धरता आला नाही!"

राजा इतका हसला की मुकुट मांडीवर आला. खाण पिढ्यान्पिढ्यांसाठी येसूच्या नावे झाली, वर सोन्याच्या पाटल्या मिळाल्या. आंबोळ्या साऱ्या दरबाराने खाल्ल्या. पंतांनीही चार खाल्ल्या, उभ्यानेच!