कुट्-कुट्-टिर्र

त्या मुलुखातले धुके कधीच उठत नसे. आवाज सरळ जात नसे. कड्यावर आपटून, झाडीत शिरून, पाण्यावरून घसरून तो पोचेपर्यंत कुणाचा आहे आणि काय म्हणतो, काही उमगत नसे.

म्हणून रानातल्या जिवांची गाऱ्हाणी ऐकायला उंच कड्याला शंभर वटवाघळे लटकून होती. त्यांना 'कान' म्हणत. रीत अशी, की गाऱ्हाण्याआधी प्रत्येकाने आपली ठरलेली हाक द्यायची. हाकेला अर्थ नसे. म्हणूनच ती कामाची. मुळात ती कशी असते हे कानांना पाठ असे, तेव्हा किती वाकडी होऊन आली यावरून वाटेची वळणे त्यांना कळत, आणि मागून येणारे गाऱ्हाणे ते सरळ करून घेत. उत्तरही त्याच वळणांनी सोडत, शंभर तोंडांनी, थोडे मागेपुढे, असे की सगळे आवाज त्या एकाच जिवापाशी गोळा व्हावेत. शेजाऱ्याला कुजबूजही लागत नसे. धुके हलले की वाटा बदलत. मग हाक पुन्हा.

एकमेकींत न मिसळणाऱ्या हाका बाराच होत्या.

लावी पक्षिणीची हाक 'कुट्-कुट्-टिर्र'. गवतात तिची तीन पिल्ले होती. "मुंगूस कुठं आहे? पिल्लं कुठं नेऊ?" ती विचारी. कान सांगत, आणि पिल्ले वाचत.

एकदा एक मुंगूस दोन डोंगर ओलांडून कड्याखाली आले. "घार मलाही खाते, आजोबा. मग माझ्यासाठी कान का नाहीत?"

म्हातारे वटवाघूळ न्यायी होते. "कान सगळ्यांचे. पण तेरावी हाक नाही रे." मग विचार करून म्हणाले, "तू लांब राहतोस. लावीचीच घे. तिथून तुझा आवाज येईतो विरून जाईल."

मुंगूस घरी परतलेच नाही. लावीच्या गवताशेजारी राहिले. तिने हाक दिली की तेही देई, आणि तिला आलेले उत्तर ऐकून घेई.

"करवंदीत ने," कान म्हणाले. लावीने नेली. सकाळी एक पिल्लू नव्हते. "बांधाखाली ने." तिथे दुसरे गेले. आपल्या आधी मुंगूस तिथे कसे पोचते, तिला कळेना. मग एक दिवस तिच्याच कानाशी न मागितलेले उत्तर येऊन पडले: "घार गेली. खुशाल बाहेर पड."

तिने घारीचे काही विचारलेच नव्हते.

उरलेले पिल्लू पंखाखाली घेऊन ती कड्याच्या पायथ्याशी गेली. "आजोबा, माझी हाक बदलून द्या. मुंगूस तीच देतंय. अगदी माझ्या शेजारून!"

"काहीतरीच! हल्ली तुझी हाक किती खणखणीत येते. पूर्वी जीव गेल्यासारखी यायची."

"दोघांची आहे म्हणून खणखणीत आहे!"

"अगं, तेरावी असती तर त्यालाच नसती का दिली?"

"लावीबाईंना आता कानही सोवळ्यातले हवेत," वरून कुणीतरी म्हणाले, आणि कडाभर खसखस पिकली.

लावीने ठरवले, हाक द्यायचीच नाही. पिल्लाला घेऊन ती उंबराच्या मुळांच्या बेचक्यात शिरली आणि चोच मिटून बसली.

मुंगूस हाक देत राहिले.

"लावीची नुसतीच हाक येते, गाऱ्हाणं नाही," कान आपसात बोलू लागले. "घाबरलीय बिचारी." म्हाताऱ्याला वाईट वाटले. सगळ्या कानांनी धुके विंचरून काढले, तिला शोधले, आणि हाक ज्या वाटेने आली होती त्याच वाटेने, फार मायेने, शंभर तोंडांनी उत्तर सोडले: "उंबराच्या मुळाशी आहेस ना, तिथंच बस, बाई. हलू नकोस. आम्ही पाहतोय."

बेचक्यात काहीच ऐकू आले नाही. पिल्लाला झोप लागली होती.

गवतात एका जागी शंभर आवाज गोळा झाले. मुंगसाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, मग अंग झटकले आणि उठले.

धुके हलले. कड्यावर हाक आली: कुट्-कुट्-टिर्र. एकटीच, इतकी स्वच्छ ती कधी आली नव्हती.

"बघा, आली ताळ्यावर," म्हातारे वटवाघूळ समाधानाने म्हणाले. मग शंभर तोंडांनी हळूच विचारले, "पिल्लू कसं आहे गं?"