चारांपैकी कोणत्या दोन

“आणि या चार डिस्कपैकी दोन बिघडल्या तर?” भन्ते रेवतांनी विचारलं.

“तरी चालेल. सकाळपासून किती वेळा विचारणार, भन्ते?” उत्पला म्हणाली.

विहाराच्या कपाटात वस्तीतल्या जुन्या बायांनी म्हटलेल्या जयंतीच्या गाण्यांच्या कॅसेटी होत्या. गाणाऱ्यांपैकी कुणी उरलं नव्हतं. त्यांतली एक उत्पलाची आजी. फिती इतक्या झिजल्या होत्या की आणखी एकदा वाजल्या तर वाजल्या. त्या एका वाजण्यातच गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची होती, पण भन्तेंच्या होकाराशिवाय कॅसेट कपाटाबाहेर येणार नव्हती.

उत्पलाची पदवी नवी होती आणि जीभ धारदार. तिने काळ्या पडद्यावर कमांड देऊन क आणि ख या डिस्क जोडून एक पट्टा केला, ग आणि घ जोडून दुसरा. प्रत्येक गाणं पट्ट्यातल्या दोन डिस्कवर अर्धं-अर्धं वाटलेलं. मग आणखी एक कमांड, आणि दुसरा पट्टा पहिल्याची हुबेहूब नक्कल झाला.

“काढून दाखव,” भन्ते म्हणाले.

तिने चाचणीपुरतं स्वतःचंच एक गाणं लावलं आणि क अन् ख ओढून काढल्या. गाणं चालूच राहिलं.

“पटलं?”

“बसव. पुन्हा काढ.”

म्हातारी माणसं अशीच, तिच्या मनात आलं. कळत नाही म्हणून वेळ खातात. डिस्क बसवून नक्कल पुन्हा पुरी होईपर्यंत भन्तेंचं भोजन उरकलं. तिने गाणं लावलं, हात पुढे केला. क काढली. हात ख कडे वळला...

भिक्खूने बाईला हात लावायचा नसतो. भन्तेंनी हातातला पंखा तिच्या बोटांपुढे आडवा धरला.

“ग का नको?”

“कुठलीही काढली तरी...”

“मग ग काढ.”

तिचा हात हलला नाही.

“तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काय कळतं, भन्ते?”

“काही नाही. मी तुझा हात बघत होतो.”

...

“क गेली की पहिला पट्टा निकामी,” ती हळूच म्हणाली. “मग ग गेली की दुसराही. गाणं बंद पडेल.”

“डिस्क तुला विचारून मरणार आहेत का?”

तिने सगळं पुसलं. या वेळी उलट क्रमाने कमांड दिल्या. आधी क ची नक्कल ख वर, ग ची घ वर. मग त्या दोन जोड्या मिळून एक पट्टा. गाणं लावलं आणि न सांगता क आणि ग ओढून काढल्या. गाणं चालू राहिलं.

भन्तेंच्या हातातला पंखा खाली आला नाही. तिला वाटलं, आता तरी हसतील.

...

“आता पुष्कळ बरं आहे,” ती म्हणाली. मग थांबली. “पण एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या, क आणि ख, तर सगळं जाईल. आजीसुद्धा.”

भन्तेंनी पंखा खाली ठेवला.

“हे या वेळी तू आपणहून सांगितलंस. आता काढ कॅसेटी.”