बसऱ्याहून आलेल्या कार्डांची कहाणी

ऐका शिपाईदादा, तुमची कहाणी.

आटपाट गाव होतं, माळावर वसलेलं. तिथं ठकूबाई नावाची म्हातारी राही. तिला एकच लेक, हैबती. सून सगुणा. मोठी लढाई लागली. सरकारची माणसं आली, तरणी पोरं घेऊन गेली. त्यांत हैबती गेला. बोटीत बसला, समुद्रापार बसऱ्याला उतरला.

मग मंगळवारी टपाल येई. कधी त्यात हैबतीचं कार्ड असे. हैबतीला लिहिता येत नव्हतं. जो जवळ असेल त्याच्याकडून लिहवून घेई. म्हणून दर कार्डाचं अक्षर निराळं, मजकूर तोच; कधी लिहिणारा पदरचं एखादं वाक्य घाली. मी खुशाल आहे. इथं पाणी खारं. तांबड्या बैलाच्या खुराला तेल लावा. गावच्या शाळेतल्या मास्तरीणबाई वाचून दाखवीत. सासू ऐके, सून ऐके.

एके दिवशी तार आली. हैबती लढाईत पडला. रडारड झाली. सुनेच्या बांगड्या फुटल्या, कपाळ पुसलं, तेरावं झालं. मग मंगळवारी कार्ड आलं. मी खुशाल आहे. सासू धावत आली, "अगं, माझा लेक आहे! कुंकू लाव." सुनेनं लावलं. शेजारणी म्हणाल्या, "पूस गं, पाप लागेल." सुनेनं पुसलं. मग आणखी एक कार्ड आलं. मी खुशाल आहे. लावावं की पुसावं? सगुणा आरशात बघेनाशी झाली.

मग ती पाटलाकडे गेली. "पाटील, माझे मालक आहेत की गेले?" "बाई, सरकारची तार खोटी कशी असेल?" मग भटजींकडे गेली. "भटजी, माझे मालक आहेत की गेले?" "कार्ड येतंय म्हणतेस, मग श्राद्ध कर असं मी कसं सांगू?" मग टपालवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "वहिनी, तार लवकर येते, कार्ड बोटीतून येतं. आधी लिहिलेलं मागून पोचतं." "मग ही तारेच्या आधीची?" "असतील." "तारीख बघा की." तारखेवर सरकारनं काळी शाई फासलेली. टपालवाल्यानं कार्ड उन्हात धरलं, उलटं केलं, परत दिलं. "दिसत नाही, वहिनी."

लढाई संपली. शेजारगावचा शिपाई घरी आला. सगुणा धावत गेली. तो म्हणाला, "ताई, हैबती तापानं फणफणला होता. त्याला दवाखान्याच्या तंबूत सोडून आम्ही पुढं गेलो." "तारेत तर लढाईत पडला म्हणतात." "ते मला ठाऊक नाही." सगुणा आली तशी परतली. आता तर काहीच कळेना.

मग दारात कासारीण आली. "लेकी, बांगड्या भरू का?" "मला ठाऊक नाही," सगुणा म्हणाली आणि रडू लागली. कासारणीनं टोपली उतरवली, सगळं ऐकून घेतलं. "माझ्या भावाचं असंच झालं गं. मी सांगते तो वसा घे." "वसा कसा घ्यावा?" "पौषात कुणाचं लग्नकार्य काही नसतं, तो महिना तुझ्या मालकांना दे. मंगळवारी पाच बायका बोलाव. सवाशीण, विधवा बघू नको. कार्डं पाटावर मांड, वाचून घे. कुणी आहे म्हणू नये, कुणी गेला म्हणू नये. जिला जे आठवेल ते तिनं सांगावं."

सगुणानं वसा घेतला, चालवला. मग एका पौषात तिला राग आला. "दर खेपेला खुशाल म्हणता, आहात की नाही ते सांगत नाही!" कार्डं उतरंडीत टाकली, वसा टाकला.

मग काय झालं? सासू ताट वाढी, कुणासाठी ते तिला आठवेना. पाणवठ्यावर नव्या सुना विचारीत, "कोण हैबती?" एकदा सगुणा जात्यावर बसली, नवऱ्याचा आवाज आठवू गेली. आठवेना. तिचा हात थांबला. घाबरली, उठली, उतरंड उतरवली, कार्डं काढली. "चुकले," म्हणाली. मग पुन्हा पाट मांडला.

बायका जमल्या. मास्तरीणबाई वाचू लागल्या, "आईच्या हातच्या पिठल्याची फार आठवण येते." ठकूबाई कोपऱ्यात बसली होती. एकदम म्हणाली, "खोटारडा! पिठलं दिसलं की ताट सरकवायचा माझा हैबती." बायका हसल्या. एक म्हणाली, "माझी शेळी आडात पडली, तर दोर न लावताच उतरला. मग त्यालाच वर काढायला चौघं लागले." दुसरी म्हणाली, "माझ्या वरातीत सनई हिसकून घेतली, इतकी बेसूर वाजवली की घोडी बुजली." सगुणा हळूच म्हणाली, "झोपेत बडबडायचे. बैलाला हाका मारायचे." आणि तो आवाज तिला आठवला. म्हातारी हसली, मग रडली, मग तिनं जेवायला मागितलं.

एक नवी सून म्हणाली, "मग ते आहेत की गेले?" "ते अजून मला कळलेलं नाही, बाई," सगुणा म्हणाली. "सरक, बस अशी. अजून कार्डं राहिलीत."

जसा ठकूबाईला तिचा लेक आठवला, तशी दूर गेलेली माणसं तुम्हांआम्हांला आठवोत. ही लांबच्या मुलखाची कहाणी एवढ्याशा कार्डावर सुफळ संपूर्ण.